कापलेली हकीकत

त्याला ऑफिसात पाठीमागे ‘घुम्या’ म्हणत आणि समोर ‘सर’. दोन्ही त्याच्या कानावर होतं आणि दोन्हीबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. तसं त्याचं कशाबद्दलच फारसं म्हणणं नसे. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो एकोणतीस वर्षं प्रोग्राम लिहीत आला होता. चार लिफ्ट असलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर कुणी बटण दाबलं, तर चारांतली कुठली आधी धाडायची, हे ठरवणारा प्रोग्राम त्याच्या हातचा. लिफ्टची वाट बघून कंटाळलेली माणसं मनातल्या मनात ज्याचा उद्धार करतात तो हाच गृहस्थ, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

विचारण्याचं त्याला वावडं होतं. नव्या गल्लीत पत्ता सापडेना, तर हा गडी तासभर पायपीट करील पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारणार नाही. चपला घ्यायला गेला की एक नंबर लहान घेऊन यायचा, कारण मोठा नंबर आहे का हे विचारावं लागलं असतं. मग आठवडाभर लंगडत ऑफिसला जायचा आणि कुणी विचारलंच तर पाय मुरगळलाय म्हणून सांगायचा.

आता तुम्ही म्हणाल, असला माणूस सॉफ्टवेअरच्या धंद्यात टिकला कसा? कारण या धंद्यात सगळं येणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अडलं की सगळे जातात ते इंटरनेटवरच्या फोरमवर. तिथं कुणी प्रश्न टाकतो आणि जगाच्या भलत्याच कोपऱ्यातलं, ना ओळख ना पाळख असलेलं कुणीतरी उत्तर देतं. उत्तर लागू पडलं की विचारणारा त्याच्यापुढे हिरवी खूण करतो, आणि त्या खुणेपायी शहाणीसुरती माणसं आपले रविवार घालवतात. मात्र तिथली शिस्त कडक. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढंच लिहायचं. नमस्कार-चमत्कार नको, आभार नकोत, घरची रडगाणी तर नकोच नको. जास्तीचं वाक्य दिसलं की कुणीही जुना सभासद येऊन ते कापू शकतो. काय कापलं याची नोंद मागच्या पानावर राहते म्हणा, पण ते पान उघडून बघायला वेळ कुणाला आहे?

वीस वर्षांपूर्वी यानं तिथं एक प्रश्न विचारला होता. एकच. चार मिनिटांत उत्तर आलं, की हे आधी विचारून झालंय, लोकांचा वेळ खाण्याआधी शोधायला शिका. प्रश्न बंद. तेवढ्यावर निभावलं असतं, पण त्याच्या तेव्हाच्या साहेबांच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी डबे उघडायच्या वेळी सगळ्यांसमोर ते मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक हसले. हाही हसला. त्या संध्याकाळी त्यानं तिथलं खातं बंद केलं आणि दुसरं उघडलं, ज्याला नाव नव्हतं, नुसता फोरमनं दिलेला आकडा होता. त्या आकड्यापुढे वीस वर्षांत प्रश्न शून्य आणि उत्तरं शून्य. वाचन मात्र अफाट. दुसऱ्यांनी आपापली अब्रू पणाला लावून विचारलेले प्रश्न वाचून यानं आपली नोकरी राखली, असं म्हटलं तर त्यात खोटं काही नाही.

अशा माणसाला बायको मिळाली ती चौकशीच्या खिडकीतली. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर काचेची खिडकी होती, वर ‘चौकशी’ अशी पाटी, आणि काचेला बोलण्यापुरतं गोल भोक. तिथं ती बसायची. हा वडिलांचे रिपोर्ट घ्यायला गेला होता आणि ते कुठल्या मजल्यावर मिळतात हे याला ठाऊक नव्हतं. खिडकी दहा पावलांवर. हा खांबाला टेकून चाळीस मिनिटं भिंतीवरचा फलक वाचत उभा, आणि फलकावर रिपोर्टचा उल्लेखच नव्हता. शेवटी त्या भोकातून आवाज आला.

“अहो, ऐकताय ना? केव्हाचे उभे आहात. विचारायला काय जातं?”

पुढच्या आठवड्यात रिपोर्टचं काही काम नसताना हा पुन्हा त्याच खांबाला टेकून उभा राहिला. बाकीचं तिनं ओळखलं. लग्नाचंही शेवटी तिनंच विचारलं, कारण यानं विचारण्याची वाट बघितली असती तर दोघं त्या तळमजल्यावरच निवृत्त झाले असते.

घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे आणि ऐकण्याचं याच्याकडे. संध्याकाळी ती खिडकीवरच्या गोष्टी सांगायची आणि हा भाजी निवडत ऐकायचा. तिचं एक ठाम मत होतं. माणसं कधी थेट प्रश्न विचारत नाहीत, लांबून सुरुवात करतात. काल मेहुणी आली होती, तिच्या मुलाला ताप होता, मग आम्ही रिक्षा केली, असं करत करत खरा प्रश्न शेवटी येतो. रांगेतले लोक वैतागतात, पण मध्ये तोडायचं नाही. हकीकत तोडली की माणूस हमखास चुकीच्या मजल्यावर जातो. तिनं सव्वीस वर्षं कुणाची हकीकत तोडली नाही, आणि तिच्या रांगेबद्दलच्या तक्रारी कायम सगळ्यात जास्त असत.

दोन वर्षांपूर्वी तिचा आवाज बसला आणि उठेचना. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल. बारा दिवसांनी ऑपरेशन. घरी येईपर्यंत दोघंही बोलले नाहीत. याच्याकडून ती अपेक्षा नव्हतीच, पण तीसुद्धा गप्प होती, आणि त्या रिक्षातल्या शांततेची याला इतकी भीती वाटली की घरी पोचताच त्यानं झोपायच्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं. कपडे बाहेर, दुलया आत. मध्ये एक स्टूल. आवाज घुमू नये म्हणून दुलया, हे त्यानं फोरमवरच वाचलेलं होतं. ती स्टुलावर बसली, त्यानं तिच्या हातात माइक दिला आणि म्हणाला, “तू बोल. रोज लागतं ते सगळं बोल.”

आधी एका बटणाचा चाचणीचा प्रोग्राम केला, आवाज नीट वाजतो का ते बघायला. हा कपाटाबाहेर वायरी चाचपत असताना ती आतून म्हणाली, “अहो, ऐकताय ना?” तेवढंच रेकॉर्ड झालं. यानं तेच वाक्य त्या बटणाला लावलं, वाजवून पाहिलं आणि मग खऱ्या कामाला हात घातला. अकरा दिवसांत तीनशे चाळीस वाक्यं झाली. ‘पंखा कमी करा.’ ‘चहा ठेवते.’ ‘बाळा, पोचलीस की फोन कर.’ ‘हे काय घातलंय?’ ‘आज उशीर केलात हो.’ पहिल्या क्रमांकावर तिच्या हट्टानं ‘विचारायला काय जातं?’ हे वाक्य होतं, कारण या घरात तेच सगळ्यात जास्त लागणार असं तिचं म्हणणं पडलं. आवाज बसलेलाच होता, घोगरा, मधूनच फाटणारा. पण तिचा होता.

चाचणीचा प्रोग्राम त्याला नंतर काढून टाकायचा होता. काम झालं की पसारा उचलायचा, ही त्याची सवय. तिनं काढू दिला नाही. त्यामुळे टॅब्लेटच्या कोपऱ्यात ‘चाचणी’ नावाचं एक करडं बटण तसंच राहिलं.

ऑपरेशननंतर ती गळ्याशी रुमाल बांधायची आणि टॅब्लेट पट्ट्यानं खांद्याला लटकवायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र रुग्णालयानं दिलं होतं. त्यातून निघणारा गुरगुरणारा आवाज तिनं एकदा ऐकला आणि यंत्र खणात गेलं ते गेलंच. टॅब्लेटवर मात्र तिचा हात असा बसला की ती भाजीवाल्याशी घासाघीस करायची, रविवारी परगावच्या लेकीला फोनवर दहा वाक्यांत झापायची, आणि नवऱ्याला तर दोन वाक्यं जोडून टोमणेही मारायची. घर पुन्हा बोलायला लागलं होतं.

इथं आता घुम्याच्या शहाणपणाचा भाग येतो. टॅब्लेट हरवला तर बायकोचं घरातलं बोलणं कुणा परक्याच्या कानावर पडेल, ही त्याला धास्ती. म्हणून त्यानं सगळ्या वाक्यांना कुलूप घातलं. तिला पासवर्ड लक्षात ठेवायला लागू नये म्हणून किल्ली बनवली ती टॅब्लेटच्याच ओळख क्रमांकापासून. प्रोग्राम टॅब्लेटला विचारणार, तुझा नंबर काय, आणि त्या नंबरानं कुलूप उघडणार. वाक्यांच्या प्रती त्यानं तीन ठिकाणी ठेवल्या: घरच्या कॉम्प्युटरवर, ऑफिसच्या खणात आणि लेकीकडे. तिन्ही कुलूपबंद. कुलूप नसलेल्या मूळ फाइली मात्र शिस्तीत पुसून टाकल्या. हाताखालच्या लोकांना बॅकअपवर तास-तासभर व्याख्यान देणारा हा माणूस, आणि त्यानं किल्लीची प्रत कुठंच ठेवली नाही. नंबर टॅब्लेटचाच, तो कुठं जाणार?

एका मंगळवारी सकाळी टॅब्लेटनं स्वतःहून अपडेट घेतलं. नंतर बटणं अर्धी पडद्याबाहेर दिसायला लागली. घुम्यानं या धंद्यातला सगळ्यात जुना उपाय केला: प्रोग्राम काढला आणि परत टाकला. बटणं जागेवर आली. तिनं ‘चहा ठेवते’ दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, की फाइल उघडता येत नाही. दुसरं दाबलं, तेच. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस, तेच. अपडेटनंतर नव्यानं आलेल्या प्रोग्रामला टॅब्लेट आता वेगळाच नंबर सांगत होता. जुना नंबर काय होता, हे याला माहीत नव्हतं. कधी बघायची वेळच आली नव्हती.

वाजत होतं ते फक्त कोपऱ्यातलं करडं बटण. त्याला कुलूप नव्हतं.

त्या आठवड्यात ती त्या एका वाक्यावर संसार करत होती. दूध उतू चाललं, “अहो, ऐकताय ना?” दाराची घंटा वाजली, “अहो, ऐकताय ना?” रविवारी लेकीचा फोन आला, तेव्हा लेकीलाही तेच ऐकवलं, आणि पलीकडून लेक आधी हसली आणि मग म्हणाली, परत एकदा लाव. उरलेलं ती पुसायच्या पाटीवर लिहायची. हळूहळू पाटीवरचंही कमी झालं. पुढच्या बुधवारी टॅब्लेट तिच्या खांद्यावर नव्हता, टेबलावर होता. घुम्यानं ते पाहिलं आणि ओळखलं. ही बाई गप्प बसायची सवय करून घेत होती.

त्यानं फोरमवरचे जुने प्रश्न पालथे घातले होते. यासारखा एकही नव्हता. गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं पाटी त्याच्यापुढे सरकवली. एकच शब्द होता. ‘विचारा.’

त्यानं पाच ओळी लिहिल्या. फाइली कुलूपबंद आहेत, किल्ली ओळख क्रमांकाची, अपडेटनंतर प्रोग्राम परत टाकल्यावर क्रमांक बदलला, जुना कसा मिळवावा? नियमात चपखल बसणारा प्रश्न. तिनं तो वाचला, मान हलवली आणि पाटीवर लिहिलं: ‘हे कुणाचं दुखणं आहे, ते कुठंय?’ घुम्यानं समजावलं, की तिथं असलं चालत नाही, कापतात. तिनं पाटी पुसून पुन्हा लिहिलं: ‘कापू देत. तुम्ही सांगा.’ खिडकीत सव्वीस वर्षं बसलेल्या बाईपुढे त्याचं काय चालणार? तो लिहीत गेला. हा माझ्या पत्नीचा आवाज आहे, तो आता पुन्हा रेकॉर्ड होणार नाही. कपाटात दुलया लावून बोलली आहे. आता एकच वाक्य उरलंय, एका जुन्या चाचणीच्या प्रोग्राममध्ये. तो मी कधीचा काढणार होतो, तिनं काढू दिला नाही, आणि सध्या ती सगळं काही त्या एका वाक्यावर भागवते. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. प्रश्न धाडायचं बटण मात्र त्यानं स्वतः दाबलं.

नऊ मिनिटांत एक कात्रीवाले आले. अशी मंडळी प्रत्येक फोरमवर असतात, दिवसभर दुसऱ्यांचे प्रश्न झाडूनपुसून ठेवतात. त्यांनी सगळी हकीकत काढली, पाच ओळी ठेवल्या आणि खाली शेरा लिहिला: अनावश्यक मजकूर वगळला. माणूस वाईट नसावा, जाता जाता त्यांनी याची स्पेलिंगची एक चूकही सुधारली होती. पण घुम्याला ते फार लागलं. आपल्या बायकोला कुणी अनावश्यक म्हणावं, असं काहीसं त्याला वाटलं.

मग उत्तरं आली. एकानं लिहिलं की किल्ली गेली म्हणजे गेली, पुढच्या वेळी बॅकअप नीट घ्या. घुम्यानं हे वाक्य हाताखालच्यांना शंभर वेळा ऐकवलं होतं. दुसऱ्यानं सुचवलं, टॅब्लेट पूर्ण रीसेट करून बघा, जुना नंबर परत येऊही शकेल. येऊही शकेल. बुडणाऱ्या माणसाला तेवढंही पुरतं. शनिवारी सकाळी त्यानं टॅब्लेट हातात घेतला आणि तिला सांगितलं, की सगळं पुसून कोरं करतो, एक शक्यता आहे.

तिनं पाटीवर विचारलं: ‘आणि चाचणी?’

“तीही जाईल.”

तिनं त्याच्या हातातून टॅब्लेट काढून घेतला आणि छातीशी धरला. दुसऱ्या हातानं पाटीवर लिहिलं: ‘हे एवढं राहू दे. बाकीचं गेलं तरी चालेल.’

घुम्या आयुष्यात घरात कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. “एका वाक्यासाठी तीनशे चाळीस घालवतेस?” तिनं पाटी खाली ठेवली. टॅब्लेट मात्र सोडला नाही. बोलू न शकणाऱ्या माणसावर आपण आवाज चढवला, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो जिना उतरून रस्त्यावर आला होता. तो दोन तास चालला. परत आला तेव्हा ती तशीच खुर्चीत बसलेली, टॅब्लेट मांडीवर. रीसेटचा विषय त्यानं काढला नाही. माफी मागायलाही त्याची जीभ रेटली नाही, आणि तो स्वतःवरच चिडून भाजी निवडत बसला.

रविवारी दुपारी फोरमवर नवं उत्तर दिसलं. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या जागी खारीचं चित्र लावलं होतं, त्यामागे बाई की बुवा, कोण जाणे.

‘रीसेट केलं नसेल तर कृपा करून करू नका,’ खारीनं लिहिलं होतं. ‘मी तुमच्या प्रश्नाची कापलेली प्रत मागच्या पानावर वाचली. तिथं एका चाचणीच्या प्रोग्रामबद्दल लिहिलंय. तो अपडेटच्या आधीपासून टॅब्लेटवर आहे, आणि एकदाही काढलेला नाही, हे खरं?’

घुम्यानं लगेच लिहिलं, की खरं आहे. पंधरा मिनिटांत पुढचं आलं. अपडेटनंतर टॅब्लेट नव्यानं आलेल्यांना नवा नंबर सांगतो, पण जे आधीपासून राहत होते त्यांना जुनाच सांगत राहतो. तुमचा मोठा प्रोग्राम तुम्ही काढून परत टाकलात, म्हणून तो नवा ठरला. चाचणी मात्र जुनी रहिवासी आहे, तिला जुना नंबर अजून मिळतो. तिला फक्त तो नंबर पडद्यावर दाखवायला शिकवा. तुमच्याच शिक्क्याची, म्हणजे ती तुम्हीच बनवल्याची खूण असलेली, सुधारलेली आवृत्ती तिच्यावर बसवा. तिला काढू नका. हे शेवटचं वाक्य खारीनं तीन वेळा लिहिलं होतं.

घुम्या खुर्चीतून उठला आणि परत बसला. नऊ मिनिटांत कापल्या गेलेल्या मजकुरात उत्तर होतं. त्या पाच शिस्तीच्या ओळींत ते कुणाला जन्मात सापडलं नसतं. आणि शनिवारी या बाईनं टॅब्लेट छातीशी धरला नसता, तर त्यानं स्वतःच्या हातानं तो शेवटचा जुना रहिवासी बाहेर काढला असता.

चाचणीत चार ओळी वाढवायला त्याला दहा मिनिटं लागली. तपासायला एक तास. वाक्य जाग्यावर राहतंय ना, हे त्यानं सात वेळा पाहिलं. मग टॅब्लेट तिच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर प्रश्न होता, की आहे त्याच्यावर नवीन बसवायचं का? त्याचं बोट पुढे होईना.

“तू दाबतेस का?” त्यानं विचारलं.

तिनं दाबलं. करडं बटण क्षणभर नाहीसं झालं आणि परत आलं. त्याच्याखाली सोळा अक्षरांचा एक नंबर होता. घुम्यानं तो तिच्या पाटीवर लिहिला. मग कागदावर. मग कॅलेंडरच्या मागे. मग समाधान होईना म्हणून झोपायच्या खोलीत जाऊन दुलयांच्या कपाटाच्या आतल्या फळीवर पेन्सिलीनं. मग मोठ्या प्रोग्रामला तो नंबर दिला आणि कुलपं एकामागून एक उघडत गेली. तीनशे चाळीस. त्यानं दोनदा मोजली.

“मी काल चुकलो,” तो म्हणाला. “तुझ्यावर ओरडायला नको होतं.”

ती यादीवरून बोट फिरवत होती. आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार, म्हणून हा कान देऊन उभा. तिनं दाबलं, “पंखा कमी करा.” तो पंख्याच्या बटणाशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ तिथंच राहिला, कारण त्याला बटण दिसत नव्हतं.

संध्याकाळी त्यानं फोरमवर हिरवी खूण केली. चाचणीबद्दलचं कापलेलं वाक्य प्रश्नात परत घातलं आणि ते का हवं याचं कारणही दिलं. कात्रीवाले आले, पण या वेळी ते वाक्य त्यांनी राहू दिलं. त्याखाली यानं खारीचे दोन ओळी आभार मानले होते, ते मात्र अकरा मिनिटांत गेले. घुम्याला त्याचं काही वाटलं नाही. कापलेलं कुठं राहतं आणि ते कोण वाचतं, हे त्याला आता माहीत होतं.

तीन दिवसांनी डब्याच्या वेळी त्यानं सहज तो प्रश्न उघडला. खारीनं आपल्या उत्तरात काही बदल केल्याची नोंद होती, वरवर तर काहीच बदललेलं दिसेना. त्यानं मागचं पान उघडलं. खारीनं एक ओळ लिहिली होती आणि मिनिटाभरात स्वतःच कापली होती. ‘त्यांनी पहिलं वाक्य कोणतं वाजवलं?’

घुम्या डबा तसाच ठेवून हसला. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवून पाहिलं.

घरी येऊन तो कॉम्प्युटरपुढे बसला. ती समोर टॅब्लेट घेऊन काहीतरी चाळत होती. त्यानं पंख्याचं लिहिलं. मग वाटलं, एवढ्यानं खारीला काय कळणार, चाचणीतलं वाक्य कोणतं तेही सांगावं. ते लिहिलं. मग ते वाक्य आपण त्याआधी कुठं ऐकलं होतं, हे सांगायला त्याला काचेच्या खिडकीपर्यंत जावं लागलं, आणि खांबापर्यंत, आणि वडिलांच्या रिपोर्टपर्यंत. लांबून सुरुवात करणाऱ्या रांगेतल्या माणसासारखा तो लिहीत सुटला. आणि लिहिता लिहिता त्याची बोटं थांबली. ते वाक्य कपाटात चुकून रेकॉर्ड झालं, असं तो दोन वर्षं धरून चालला होता.

“अगं,” तो म्हणाला, “एक विचारू?”

तिनं मान वर केली. हे दोन शब्द तिनं त्याच्या तोंडून क्वचितच ऐकले असतील.

“त्या दिवशी कपाटात, माइक सुरू झालाय हे तुला माहीत होतं ना?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली पाहून यादीत शोधायला लागली. खांदे हलत होते, म्हणजे ती हसत होती. तिला हवं ते बटण सापडायला जरा वेळ लागला, आणि तोवर तो गप्प बसून वाट बघत होता.

“आज उशीर केलात हो,” तिचा आवाज म्हणाला.